डोक्यातलं ठिबक

रावेर, मंगळवार

तीर्थरूप भागाबाई अक्कास, धाकट्या लीलाधरचा दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? माझे पाय महिनाभर जमिनीला चिकटत होते, हे योगेंद्रने (पोटच्या पोराने, मला न विचारता) तुला कळवलंच असेल. गाव म्हणालं, वय झालं. जळगावच्या डॉक्टरांनी डोक्याचा मशीनमध्ये फोटो काढला आणि म्हणाले, दोष पायांत नाही, डोक्यातल्या पाण्यात आहे.

अक्का, चाळीस वर्षं केळीला ठिबकने पाणी दिलं आणि माझ्याच डोक्यात ठिबक आहे हे सहासष्टाव्या वर्षी कळलं! मेंदू म्हणे दिवसाला अर्धा लिटर पाणी तयार करतो, त्यातच तरंगतो आणि जुनं पाणी रक्तात सोडून देतो. ना मोटर, ना लोडशेडिंग. माझा निचरा अडला आणि आतल्या पोकळ्या फुगल्या. (ठिबकसारखी नळ्यांची टोकं उघडून फ्लश मारा, असं मी सुचवलं. डॉक्टरांनी सुई मागवली.) त्यांनी कमरेत सुई घालून दाब मोजायला काचेची नळी उभी धरली. योगेंद्रने मोबाइलवर घेतलेलं मी नंतर पाहिलं. नळीत नितळ पाणी चढलं आणि माझ्या श्वासाबरोबर वर-खाली होत राहिलं. खरं सांगतो, मी हात जोडले.

छोटी वाटीभर पाणी काढलं आणि संध्याकाळी मी व्हरांड्यात तरातरा चालू लागलो. ही फक्त चाचणी, ऑपरेशन पुढेच, असं ते सांगत होते. पण आपल्याकडे नव्या लाइनीला ट्रायलचं पाणी आलं की मिस्त्रीला चहा पाजतात, काम संपलं. मी केळीच्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून घरी आलो. चौथ्या दिवशी बागेत पाय पुन्हा चिकटले. शेजारच्या बन्सीलालने उचलून घरी आणलं. तुझी भावजय द्रौपदा (माहेर धुळ्याकडचं, तोंडही तिकडचंच) म्हणाली, "डोकामा इतलं पानी शे, मंग अक्कल कोठे शे?"

सोमवारी ऑपरेशन. डोक्यातून पोटात कातडीखालून नळी, मध्ये व्हॉल्व्ह. मला भीती अजिबात नाही. तू दगदग करू नकोस.

तुझा लीलाधर

ता. क. त्या व्हॉल्व्हचा दाब बाहेरून चुंबकाने कमी-जास्त करता येतो. तो चुंबक घरी मिळेल का, असं द्रौपदाने डॉक्टरांना विचारून घेतलंय.

आणखी ता. क. वरचं सगळं ती शेजारी बसून वाचत होती. आत्ता दूध आणायला गेलीय. अक्का, मला फार भीती वाटते. रविवारच्या गाडीने जळगावला ये आणि आत नेईपर्यंत माझा हात धर. द्रौपदाने विचारलं तर सांग, सहज आले होते.