बंधुराजांचं बिनव्याजी वर्ष

तीर्थस्वरूप ताईंना आम्हा दोघांचे मिळून दोन नमस्कार (त्यातला तुमच्या बंधुराजांचा जरा जास्तच वाकून घातलेला आहे, कारण पुढे येईलच). आम्ही इथे खुशाल. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना मध्ये थांबता ना, की तरुणपणाचा हट्ट अजून चालूच?

परवा फोनवर तुम्ही "किती?" एवढंच विचारलंत. मी आकडा सांगितला, तुम्ही "बरं" म्हणालात आणि संध्याकाळच्या आत पैसे खात्यात हजर. कशाला हवेत, हेही विचारलं नाहीत. म्हणून आता आपण होऊनच सगळी हकीकत लिहिते.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं नवं यंत्र हवं, हे ह्यांच्या डोक्यात केव्हाचं घोळत होतं. हनुवटी टेकवायची, आत डोकावायचं, की नंबर कागदावर छापून बाहेर. (मी डोकावले. आत एक लांबलचक रस्ता आणि टोकाला एक रंगीत फुगा दिसतो. रस्ता कुठे जातो ते कंपनीला विचारायचं राहिलं.) तेवढ्यात बँकेतून एका गोड आवाजाच्या बाईंचा फोन आला : क्रेडिट कार्ड घ्या, वर्षभर खरेदीवर व्याज नाही. ह्यांनी लगेच कार्ड घेतलं, कार्डावर यंत्र घेतलं. मग दर महिन्याला बिलावरची 'किमान रक्कम' तेवढी भरायची आणि बँकेवर उपकार केल्यासारखं ऐटीत घरी यायचं. मी एकदा विचारलं, "आणि उरलेल्याचं काय?" तर म्हणाले, "अगं, बिनव्याजी आहे. घाई कसली?"

वर्ष संपलं आणि पुढच्या बिलावर व्याज उगवलं. ह्यांनी आधी चष्मा पुसला, मग बिल पुसलं. आकडा काही जाईना. तेव्हा "बँकेची चूक" असा निकाल देऊन, मला साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन हे बँकेत गेले. तिथल्या अधिकारी बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी कराराचा कागद काढला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे वाचा." सगळ्या गिऱ्हाइकांना भिंतीवरची शेवटची ओळ वाचायला लावणारा हा माणूस, पण ती ओळ काही ह्यांना लागेना. शेवटी खिशातलं भिंग काढलं. सवलतीचा काळ संपला, की शिल्लक रकमेवर नेहमीच्या दराने व्याज. आणि काय तो नेहमीचा दर! "ह्यापेक्षा दरोडेखोर बरा," असं मी मनातल्या मनात म्हटलं (अधिकारी बाई हसल्या, म्हणजे मनात नसावं). पण बाई भल्या. म्हणाल्या, "पूर्ण रक्कम एकदम फेडलीत तर पुढचं व्याज थांबेल. किमान भरत राहिलात तर हे वाढतच जाणार."

घरी येऊन ह्यांनी न सांगता भांडी घासायला घेतली, तेव्हा मी खरी घाबरले. हातातलं पातेलं तसंच धरून म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांना तपासणीसाठी दोन बस बदलून जावं लागतं, ते वाचेल असं वाटलं होतं गं. आता यंत्रच विकावं लागणार." मी गच्चीत जाऊन तुम्हाला फोन लावला.

पैसे आल्याचं सांगितल्यावर ह्यांनी विचारलं, "ताई रागावली?" म्हटलं, "नाही." "मग 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली?" "तेही नाही." तर बिचारे आणखीच हादरले!

कार्डाची सगळी बाकी फिटली. यंत्र दुकानातच आहे. आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, म्हणून मानत नाही, पण आज एक आजोबा हनुवटी टेकवून "फुगा दिसला, फुगा दिसला!" असं ओरडले, तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही तुम्हीच आठवलात.

तुमची,
धाकटी भावजय

ता.क. तुमचे पैसे दर महिन्याला परत येतील. 'किमान' नव्हे, घसघशीत.

ता.क. २ : खरं म्हणजे पत्र ह्यासाठीच लिहायला बसले आणि धीर होत नव्हता. काल फोन केला तेव्हा तुम्ही खाली गेला होतात. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी उचलला. सहज बोलता बोलता म्हणाल्या, "त्यांच्या मोबाइलवरून पैसे मीच पाठवून दिले हो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे होते ना, आता ते पुढे ढकललंय." ताई, हे ऐकल्यापासून तुमचे भाऊ दुकानात येईल त्या बाईला "बस, ताई" म्हणताहेत. ह्यांच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय. ते पैशांसाठी थांबायला तयार आहेत. रविवारी हे स्वतः न्यायला येताहेत. ऑपरेशन इथे, आणि नंतर महिनाभर मुक्काम आमच्याकडे.

ता.क. ३, शेजारच्या शिक्षिकाबाईंसाठी : हे पत्र ताईंना तुम्हीच वाचून दाखवत असणार. आता त्या "नको, नको" म्हणत असतील. त्यांच्याशी वाद घालू नका. कपाटावरची बॅग खाली काढा आणि भरायला घ्या.