दोन खोल्यांतलं एक गाणं

बाबा, परवा आदिलाबादच्या दुकानात गाण्याचा छोटा संच बघताना तुम्ही फार आठवलात. दुकानदार एकच सुबक डबा पुढे सरकवत होता. मी मात्र स्पीकर सुटे होतात का, एवढंच विचारत राहिले. वर लांब वायरही मागितली, तेव्हा तो हसला. "इतनी वायर? घर में शादी है क्या, मॅडम?"

त्याला काय सांगणार? उटनूरच्या क्वार्टरमध्ये तुम्ही आपला पहिला संच आणलात, बसमधून, मांडीवर धरून. दोन्ही स्पीकर बाहेरच्या खोलीत मांडलेत. आत चुलीपाशी आई भाकरी थापतेय आणि धुसफुसतेय, "तुमी बसा आयकत. मी इथं धूर खाऊन राह्यली, मले काय आयकू येते?" दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलात ते वायरचं भेंडोळं घेऊनच. एक स्पीकर थेट स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. "घे, हा तुहा वाटा." गाणंही दोन स्पीकरांत वाटलेलं असतं, हे तुम्हा दोघांना कुठं ठाऊक होतं! तुमच्याकडे गळा आला, आईकडे तबला आणि बासरी. पुढे एका लग्नात तेच गाणं कर्ण्यावर लागलं, तर आई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "काऊन वं, आपल्या गाण्यात ही बाई कवापासून गाते?" तुम्ही जेवणाच्या पंगतीत ठसका लागेस्तोवर हसलात. तरी घरी आल्यावर स्पीकर काही हलले नाहीत. आईनंच हलवू दिले नाहीत.

तुम्ही गेलात आणि तिनं संचावर कापड टाकलं. तो कधी बिघडला तेही कळलं नाही. आता ती माझ्याकडे असते. कामं करते, जेवते, पण गाणं लावू का म्हटलं की, "कोणासाठी?" एवढंच. म्हणून न विचारताच संच आणला.

आधी दुकानदारानं सांगितलं तसे दोन्ही स्पीकर हॉलमध्ये शेजारी ठेवले आणि तुमचं आवडतं गाणं लावलं. आई सोफ्यावर बसली. पहिलं कडवं संपायच्या आत उठून आत गेली. मला वाटलं, संपलं, उगाच आणला. मी बंद करायला वाकले, तेवढ्यात आतून आवाज आला, "माहा वाटा कुठं हाय?"

बाबा, वायर दाराच्या फटीतून जाईना. शेवटी गेली. स्पीकर पिठाच्या डब्याशेजारी ठेवला. आता ती कणीक मळतेय आणि मधेच थांबून परातीच्या काठावर बोटांनी तबल्याचा ठेका धरतेय, एकही मात्रा न चुकता. हॉलमध्ये दुसरा स्पीकर उटनूरहून आणलेल्या तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून गातोय.

हे मी दोन खोल्यांमधल्या दारात बसून लिहितेय. लहानपणी क्वार्टरमध्ये अभ्यासालाही अशीच दारात बसायचे, आठवतं? "वाऱ्याला बसते पोरगी," तुम्ही म्हणायचात. आताही आईला तसंच वाटतंय. हा कागद मी तिलाही दाखवणार नाही. वाऱ्यासाठी नव्हतं, बाबा. अख्खं गाणं फक्त दारातच ऐकू यायचं.