सात नंबरचा बिल्ला

रविवार, ९ मार्च

तीर्थस्वरूप मिस्त्रीकाका,
नमस्कार.

मी बरी आहे. तुमची कंबर कशी आहे? शेकायला सांगितलं होतं ते करता का, की नुसतं "हो हो" म्हणता? हे पत्र आईला नेहमीसारखं वाचून दाखवा, पण मागच्या वेळेसारखं पदरचं घालू नका. तिला बरोबर कळतं. फोनवर म्हणाली, "ते 'तुझी फार आठवण येते' मिस्त्रींनी घातलं होतं ना? तू असं लिहीत नाहीस." मी लिहीत नाही हे खरं आहे. खोटं होतं असं मात्र नाही.

खोली तीच आहे. तिसरा मजला, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, भिंतीवरून एक पाइप. त्या पाइपातून पाणी गेलं की वरचे लोक उठले असं मी समजते. एवढीच काय ती ओळख. चहासाठी कप घ्यायला गेले तर दुकानदार एकच कप द्यायला तयार होईना, जोडीनेच घ्या म्हणाला. म्हणून दोन आहेत. एक पडून राहू नये म्हणून आळीपाळीने वापरते. हसू नका.

कचेरीत नव्या कायद्याचे अर्ज येत आहेत. मागच्या सुट्टीत आपल्या कानशींच्या कारखान्यात मी तो तुम्हाला वाचून दाखवला होता, तो स्थानिक कारखान्यांना आधार देण्याचा कायदा. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालापुढे जे टिकत नाहीत त्यांना वीज कमी दरात, आणि सरकारी दुरुस्तीशाळांनी आपल्या हत्यारांतला ठरावीक वाटा अशाच कारखान्यांकडून घ्यायचा. तेव्हा सगळ्यांनी छिन्न्या खाली ठेवल्या होत्या. इतकी शांतता मी त्या जागी कधी ऐकली नव्हती. मालक भट्टीजवळून उठून आले. आणि तुम्ही म्हणालात, "म्हणजे आपण आहोत हे कायद्याला ठाऊक आहे तर!"

आपला अर्ज आला आहे. तपासणीचा अहवालही आला आहे. फाइल माझ्याच टेबलावर आहे. त्यातलं काही सांगता येत नाही, तसा नियम आहे, आणि माझं कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. निर्णय व्हायचा आहे.

एक सहज विचारायचं होतं. सात नंबरचा बिल्ला अजून तुम्हीच फिरवता ना? उत्तर नाही दिलंत तरी चालेल. आईला विचारू नका.

बाकी ठीक.

तुमची
मास्तरीण

---

रविवार, ६ एप्रिल

तीर्थस्वरूप मिस्त्रीकाका,
नमस्कार.

हे पत्र आधी एकट्याने वाचा. आईला वाचून दाखवायचा भाग शेवटी आहे, तिथे मी आडवी रेघ मारली आहे.

बुधवारी तुमचा फोन आला तेव्हा मी कचेरीच्या जिन्यात उभी होते. तुम्ही म्हणालात, "मास्तरीण, तुझ्या कचेरीत बसलंय तरी कोण? तो तपासणीवाला बारा माणसं लिहून गेला. मग अकरा कुणी केली?"

मी म्हटलं, "बघते, काका."

"बघ बाई. आणि सापडला तर आपली एक कानस दे त्याला माझ्यातर्फे. खरखरीतली दे. डोकं घासायला."

तुम्ही हसलात. अर्ज नामंजूर होऊन तेरा दिवस झाले होते, दोन भट्ट्या बंद झाल्या होत्या, तरी हसलात. मीही हसले.

बघायचं काही नव्हतं, काका. अकरा मी केली.

कायद्यात अट आहे, कामावर प्रत्यक्ष हजर असलेली किमान बारा माणसं. अहवालात लिहिलं होतं, "फलकानुसार हजर कामगार बारा." सोबत हजेरीच्या फळीचा फोटो होता. बारा खिळे, बारा बिल्ले, बाराही आकड्याची बाजू पुढे करून टांगलेले, म्हणजे बाराही हजर. सात नंबरसुद्धा. त्याच्या कडेला बाबांनी पाडलेली खाच फोटोतही दिसत होती. सकाळी चष्मा न लावता बोटांनी आपला बिल्ला सापडावा म्हणून त्यांनी ती पाडली होती. मी पाच वर्षांची असताना त्या खाचेत नख घालून बघायचे.

मला माहीत आहे, तुम्ही कुणाला फसवलं नाही. आपल्याकडची रीतच ती. माणूस गेला की त्याच्या शेजारी बसणाऱ्याने त्याचा बिल्ला रोज सकाळी कोऱ्या बाजूवरून आकड्यावर फिरवायचा, त्या खिळ्यावर नवा माणूस येईपर्यंत. चार वर्षांत नवा माणूस आला नाही, कारण काम आलं नाही. तुम्ही फिरवत राहिलात. आणि तपासणीवाल्याने माणसं मोजली नाहीत, फळी मोजली. "आम्ही खोटं बोललो नाही गं. त्याने फळी बघितली, आम्ही चहा दिला," असं तुम्हीच सांगितलंत.

मी तीन दिवस त्या फोटोकडे बघत होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. ती फाइल माझ्यानंतर कुणी उघडून बघणारही नव्हतं. पण मी आकडे त्या फळीवर शिकले, काका. तुम्ही मला उचलून धरायचात आणि मी एक ते बारा म्हणायचे, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. मला त्या फळीवर चुकीचं मोजता येईना. म्हणून शेरा लिहिला, "बिल्ला क्रमांक सात असलेला कामगार हयात नाही. प्रत्यक्ष हजर अकरा." सात नंबर म्हणजे कोण ते लिहिलं नाही. हात चालला नाही.

आपल्या घरात कुणी शिकून पुढे आलं असेल तर ती मी पहिली. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला परीक्षेला बसवलं. बाबा गेल्यावर माझ्या अर्जावर पालक म्हणून तुम्ही सही केलीत, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर. आणि त्या शिक्षणाचं मी पहिलं काय केलं तर हे.

इथेही कुणी खूश नाही. चुकीच्या अहवालाबद्दल तपासणीवाल्याला मेमो मिळाला. तो चांगला माणूस आहे, दोन मुली आहेत त्याला. आता दुपारी मला कुणी चहाला हाक मारत नाही. मागून "काटेकोरबाई" म्हणतात. पुढून काहीच म्हणत नाहीत. गेल्या आठवड्यात मी दोन दिवस कुणाशीच बोलले नाही, तिसऱ्या दिवशी बसवाल्याने "कुठे?" विचारलं तर आवाजच फुटेना.

पण हे मी माझी कीव यावी म्हणून लिहीत नाही. खरं सांगायचं ते पुढे आहे.

फाइल हातात आली तेव्हाच मी साहेबांकडे गेले होते. म्हटलं, हा कारखाना माझ्या घराजवळचा आहे, फाइल दुसऱ्या कुणाकडे द्या. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "घरचं कुणी काम करतं का तिथे?"

मी म्हटलं, "आता नाही, साहेब."

"मग बघा तुम्हीच. इथे माणसं कुठे आहेत!"

आणि मी फाइल घेऊन परत आले. मन अगदी स्वच्छ होतं माझं.

परवा, शुक्रवारी, आईला फोन केला. ती म्हणाली, "बसून आहे. दहा दिवस मिस्त्रींची सायकल आली नाही. माझं काम गेलं."

मी तिला काय म्हटलं माहीत आहे? "तुझं कुठलं काम?"

मग म्हणाली, "बरं, ठेवते."

काका, मी फोन हातात धरून उभी राहिले. वीस वर्षं झाली असतील. रोज संध्याकाळी तुम्ही सायकलवरून कानशींचं गाठोडं आणता. आई एकेक कानस उचलून नखाने वाजवते. खणखणली तर बरी, बद्द वाजली तर तडा गेलेला, ती बाजूला. मग तेलाचा हात, मग कागद, प्रत्येकीला वेगळा. मी लहानपणी विचारलं होतं, एका कागदात दोन का नाही? म्हणाली, "शेजारी ठेवल्या तर घासून एकमेकींचे दात मारतात." तिने बाद केलेली कानस बाजारात गेली नाही, आणि तिने पास केलेली कधी परत आली नाही. हे तुम्हीच चारचौघांत सांगता. मी त्या कागदाच्या ढिगावर बसून अभ्यास केला. आणि साहेबांना म्हटलं, "आता नाही."

तिचं नाव हजेरीत नाही, तिला बिल्ला नाही, म्हणून मला ती दिसलीच नाही. फळी बघून माणसं मोजली म्हणून मी ज्याला पकडलं, त्याच्यात आणि माझ्यात फरक काय?

काल कचेरी अर्धा दिवस होती. कायदा पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. कामगार कोण, हे त्यात सांगितलं आहे, आणि तयार माल तपासणारे नि बांधणारे त्यात स्पष्ट लिहिले आहेत. अट एवढीच की काम कारखान्याच्या जागेत व्हायला हवं आणि नाव हजेरीत हवं. आणि अर्ज नामंजूर झाल्यापासून साठ दिवसांत फेरतपासणी मागता येते. त्या दिवशी जी माणसं हजर, ती मोजायची. साठातले सतरा दिवस गेले आहेत.

मी साहेबांना लेखी दिलं की माझी आई या कारखान्याचं काम करते आणि पुढची कुठलीही कागदपत्रं माझ्याकडे नकोत. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मी विचारलं होतं तेव्हा सांगायचं ना!"

"तेव्हा मलाच माहीत नव्हतं, साहेब."

त्यांनी फाइल दुसऱ्या टेबलावर पाठवली. म्हणजे आता निकाल मला तुमच्यानंतर कळेल. हे बरंच झालं.

तेव्हा काका, मालकांशी बोला. दाखवण्यापुरतं नको, तपासणीच्या दिवसापुरतंही नको. आईला खरोखर कामावर घ्यायचं असेल तरच. आणि विचारायचं ते तिला, ठरवायचं तिने. बाबा तिथे पडले आणि गेले, त्या दिवसापासून ती त्या दारातून आत गेलेली नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. गाठोडं घरी येतं, तेवढाच तिचा कारखान्याशी संबंध. ती नाही म्हणाली तर तिला एका शब्दाने आग्रह करू नका, कारखाना बुडत असला तरी. मग फेरतपासणी मागायची नाही. तसं झालं तर दोष माझ्या शेऱ्याला द्या, तिला नाही. इतरांनाही तसंच सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

ती कानस मला मिळायला हवी. खरखरीतलीच पाठवा.

आता आईला बोलवा.

———

आई,

मिस्त्रीकाका वाचत आहेत, त्यांना काही गाळू देऊ नकोस.

अर्ज नामंजूर झाला तो माझ्यामुळे. कारखान्यात अकराच माणसं आहेत असं मी लिहिलं. बाबांना त्यात धरलं नाही, ते बरोबर होतं. तुला धरलं नाही, ती चूक होती. ती कायद्याची नव्हती, माझी होती. शुक्रवारी मी तुला जे विचारलं ते विसरता येत असेल तर विसर. मला येत नाही.

काका तुला एक गोष्ट विचारतील. कारखान्यात बसून तू तेच काम करायचं, जे घरी करतेस. उत्तरेच्या खिडकीखाली टेबल लावता येईल. तिथे उजेड चांगला आहे आणि तिथून बाबांची जागा दिसत नाही, मध्ये मोठी भट्टी येते. हे मी उगाच सांगत नाही, लहानपणी त्या खिडकीत बसून मी बाबांना शोधायचे आणि ते दिसायचे नाहीत. तुला नको वाटलं तर नको म्हण. मी काहीही म्हणणार नाही.

पण हो म्हणालीस, तर फळीवर बाराच खिळे आहेत, आणि रिकामा होणारा एकच आहे. तुला आकडे वाचता येत नाहीत म्हणून घाबरू नकोस. वाचायची गरज नाही. बोट फिरव. डाव्या कडेला खाच लागेल.

काका, त्या सकाळी तुम्ही सात नंबरला हात लावू नका. आई पोचेपर्यंत तो तसाच, कोऱ्या बाजूने राहू दे. तिचा तिने फिरवायचा आहे.

सात नंबरची मुलगी