रिकाम्या बाकांची हजेरी

२ जानेवारी

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

कारखाना बंद पडला तशी घरे एकेक करून रिकामी झाली. आमच्या सरकारी हायस्कूलच्या पटावर वीस नावे आहेत. वर्गात मुले सात. हजेरी विसाच्या खाली गेली की शाळेला टाळे आणि सातजणांची रवानगी शहरातल्या वसतिगृहात. तपासनीस अठरा तारखेला येतील. दृष्टी अधू झाल्यापासून ते वर्गाशेजारच्या माझ्या खोलीत बसून, लाकडी फळ्यांच्या भिंतीआडून नुसते ‘हजर’ मोजतात.

आता हसू नका. गेलेल्यांचे दाखले अजून कोणी मागितले नाहीत, म्हणून त्यांची नावेही पुकारावी लागतात. त्यांच्या रिकाम्या बाकांवरून उत्तर येते. समोरच्या सातांपैकी कोणाचेही ओठ हलत नाहीत. मुले बिचकतही नाहीत. सातांतली सर्वांत लहान, आमची छोटी, तर म्हणाली की बाई, याला आज सर्दी झालेली दिसते.

वहिनींना नमस्कार. लोभ उणावू नये.

तुमची धाकटी

९ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आईने न मारलेल्या हाकांनाही तू धावत जायचीस, हे मी विसरलेलो नाही. तरी विचार केला. खोडी म्हणावी, तर ओठ हलले असते. भास म्हणावा, तर तो सगळ्या वर्गाला एकच होत नाही. उरला पडताळा.

कारखान्याच्या माणसांबरोबर शहरात आलेली तुझी ती तेरा मुले इथल्या ज्या शाळेत दाखल्यावाचून तात्पुरती बसतात, तिथे काल गेलो. नाव पुकारले की त्यांचे तोंड उघडते, आवाज फुटत नाही. शिक्षक गैरहजेरी मांडतात; बाकीची पोरे त्यांना ‘भुतावळ’ म्हणतात. आधी हे हजेरीपुरते होते. आता ती मधल्या सुट्टीतही बोलेनाशी झाली आहेत.

निष्कर्ष मला रुचत नाही, पण टळतही नाही. आवाज तुझ्याकडे आहेत.

कळावे, प्रकृतीस जपावे.

दादा

१७ जानेवारी

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

उद्या तपासनीस येतात. मी रोजच्यासारखी हजेरी घेतली की शाळा वाचते. सातांच्या आया हातापाया पडून गेल्या. वसतिगृहाचे नाव काढताच छोटीला ताप भरतो.

आज रिकाम्या बाकांपुढे उभी राहिले. बाळांनो, आपापल्या जागी जा, असे सांगायचे होते. तोंडून निघाले की उद्या जरा मोठ्याने बोला. आणि ती ‘हो बाई’ म्हणाली, दादा. सगळी.

तुमचे उत्तर वेळेत पोचणार नाही. आशीर्वाद तेवढा असावा.

धाकटी

१८ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझे नवे पत्र अजून हाती नाही. आज सकाळी त्या वर्गाच्या दारात उभा होतो. पहिली नावे मुकीच गेली. मग मागच्या बाकावरून एक ‘हजर’ आले, पाठोपाठ दुसरे. शिक्षकांनी यादी पुन्हा पहिल्यापासून घेतली. तेराही बोलली. शिक्षक मला म्हणाले की आजोबा, आज काहीतरी चांगले घडले असणार. मी होकार दिला आणि बाहेर पायरीवर बसून राहिलो.

तुझी शाळा बंद झाली, हे मला असे कळले.

छोटीला वसतिगृहात नको, आमच्याकडे घेऊन ये. तूही ये. त्या वर्गात एकटी थांबू नकोस.

दादा