अकराव्या पानावरचं म्हणणं

२ जून

चि. नानू,
अ. आ.

मुलीच्या ताब्याच्या खटल्यात तू न्यायाधीश म्हणून दिलेला निकाल वाचला. आमच्या कायद्याच्या साप्ताहिकातलं माझं निकालसार तू त्यात शब्दन् शब्द उतरवलंस, हे बघून आधी मी फुशारले, मुद्रितशोधकालाही दाखवून आले. मग ज्याचं ते सार होतं, तो वरच्या कोर्टाचा मूळ निकाल काढून पुन्हा वाचला.

दहा वर्षांखालच्या मुलाला त्याची इच्छा विचारायची गरज नाही, असं अकराव्या पानावर आहे. पण ते कोर्टाचं मत नाहीच. एका बाजूच्या वकिलाचं म्हणणं आहे. न्यायाधीशांनी ते चार पानं सांगितलंय आणि चौदाव्या पानावर साफ फेटाळलंय. त्या दिवशी माझ्यापुढे नऊ निकाल होते. मी या निकालाच्या अकराव्या पानावरच थांबले आणि तेच कोर्टाचं मत म्हणून छापलं.

त्यावर विसंबून तू सात वर्षांच्या पोरीला न विचारता तिच्या काकाकडे दिलंस. तान्ही असल्यापासून तिला वाढवणाऱ्या शिवणकामवाल्या आजीला अपिलासाठी वीस तारखेपर्यंत मुदत आहे. बारा तारखेच्या अंकात मी दुरुस्ती छापणार. तुझं नाव घेणार नाही, पण कोर्टातल्या लोकांना कळायला वेळ लागणार नाही. रागावलास तरी जेवून मग रागाव.

तुझी ताई

६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. निकालावर सही झाली की माझे हात बांधलेले, आता जे करायचं ते वरचं कोर्टच करेल. मूळ निकाल मी उघडलासुद्धा नाही. लहानपणी तू गणित तपासलंस की मी पुन्हा बघायचो नाही, तसलाच प्रकार.

एक मागतो. बढतीची यादी महिनाअखेर लागतेय. दुरुस्ती जुलैच्या अंकात घे. अकरा वर्षं या जागेवर घासतोय. काकाचं घर मोठं आहे, शाळा जवळ आहे, मुलीचं काही अडत नाही. तुला पटणार नाही हे ठाऊक असूनही लिहितोय. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा नानू

१३ जून

चि. नानू,
अ. आ.

दुरुस्ती कालच्या अंकात आली, पहिल्या पानावर, माझ्या नावानिशी. आजीच्या वकीलबाईंना एक अंक स्वतः नेऊन दिला. संपादकांनी सार लिहायचं काम काढून घेतलंय, आता मी वर्गणीदारांचे पत्ते लिहिते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझ्यासाठी मी पुष्कळ काही केलं असतं रे. पण त्या पोरीला जुलैपर्यंत थांब म्हणणारी मी कोण? बोलायचं नसेल तर नको बोलूस, माझी पत्रं मात्र उघडत जा.

ताई

२८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहायला तोंडच नव्हतं. यादीत नाव आलं नाही. आजीच्या अपिलावर वरच्या कोर्टाने माझा निकाल रद्द केला आणि मुलीला विचारून मगच ठरवा, म्हणून प्रकरण माझ्याकडेच परत पाठवलं.

काल तिला माझ्या खोलीत बसवलं. वकील बाहेर, दार लोटलेलं. प्रश्न लिहून ठेवले होते, त्यातला एकही विचारावा लागला नाही. काका चांगला आहे, पण तिकडे झोप लागत नाही, आजीकडे जायचंय, असं तिने सरळ सांगितलं. मागच्या वेळी आली होतीस का, असं मी विचारलं. तर म्हणाली, आत बोलावतील म्हणून दिवसभर बाहेरच्या बाकावर बसले होते.

ताई, त्या दिवशी मी त्या बाकासमोरून दोनदा गेलो होतो.

आज सही केली, मुलगी आजीकडे गेली. या भावावर अजून जीव असेल तर दोन ओळी टाक.

तुझा नानू