अंबूबाईची गोळ्याची कढी

डोणगाव,
चैत्र वद्य षष्ठी, सन १९६८

प्रिय पुष्पा,

काल दुपारी तुमच्याकडचे उकंडराव तुझ्या शालिग्रामच्या लग्नाची पत्रिका देऊन गेले. हळदीकुंकवाची बोटं लावलेली, वर चिमूटभर अक्षता. मी त्यांना बसायला पाट दिला, चुलीवर चहा ठेवला आणि पत्रिका उघडली. मुलीचं नाव वाचेस्तोवर सगळा चहा उतू गेला. दुसरा ठेवायचं मला सुचलंही नाही.

अकोल्याच्या कापसाच्या जिनवाल्यांची मुलगी म्हणे. माझ्या द्वारकेला बारशापासून ‘माही सून, माही सून’ म्हणत आलीस तू, आणि पत्रिकेवर हे नाव! मला राग आलाय हे आधीच सांगते. वरवर गोड बोलायचं आणि पोटात ठेवायचं हे मला कधी जमलं नाही, तुला ठाऊक आहे. ‘प्रिय’ लिहिलं ते सवयीनं. खोडायला दौतीत टाक बुडवला होता, मग म्हटलं राहू दे, इतकी वर्षं तेवढं तरी खरं होतं.

आठवतं का ग, एकाच उन्हाळ्यात आपण दोघी सुना होऊन या गल्लीत आलो. तुझी भाकरी तव्यावर जाईस्तोवर तीनदा फाटायची आणि माझ्या वरणाला कुत्रंही तोंड लावत नव्हतं. माहेराहून शिकून आलोय असं म्हणायला दोघींकडं एक पदार्थ नव्हता. गल्लीनंच आपल्याला शिकवलं. गीताबाईंनी अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालून वरून लसणाचं कडकडीत तेल कसं ओतायचं ते दाखवलं. वाहेद शिंप्याच्या नसीमानं अख्खा मसूर शिकवला, तोही भिंतीवरून, कारण तिनं ओटा ओलांडलेला तुझ्या सासूला खपत नव्हता. कांदा चांगला काळपट भाजायचा आणि भांडं निखाऱ्यावर ठेवून आपल्या कामाला लागायचं. तू सारखी झाकण काढून बघायचीस तर ती पलीकडून ओरडायची, ‘जल्दी मत करो बाई, मसूर रूठ जाती!’ आणि अंबूबाईंची गोळ्याची कढी! डाळ भिजवून जाडसर वाटायची, कढीला उकळी फुटली की आधी एकच गोळा सोडून पाहायचा, तो टिकला तरच बाकीचे. तुला कुठला दम निघतोय! तू सगळे एकदम सोडलेस आणि कढीचं पिठलं केलंस. तुझ्या सासूनं ते पातेलं गल्लीत सगळ्यांना दाखवलं होतं. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस आणि मी माझ्या घरची कढी पदराआड तुझ्या चुलीवर आणून ठेवली.

आपल्या गल्लीचा रिवाज तू विसरली नसशील. ज्या बाईकडून पदार्थ शिकला, तिचं नाव घेऊन तो ताटात वाढायचा. ‘घ्या, अंबूबाईची कढी.’ ‘थोडा नसीमाचा मसूर घ्या.’ पाहुणा परगावचा असो, त्याला अंबूबाई कोण हे माहीत असो नसो, नाव घ्यायचंच. अंबूबाईंना जाऊन किती वर्षं झाली, तरी आमच्या घरी आठवड्यातून एकदा त्यांचं नाव निघतंच.

द्वारकेच्या बारशाला तू शालिग्रामला कडेवर घेऊन आलीस. तिला पाळण्यातून उचललंस आणि साऱ्या बायकांसमोर म्हणालीस, ‘कौशल्ये, हे पोरगी माही सून. आतापासूनच सांगून ठेवतो, दुसऱ्या कोनाले दाखवू नको.’ बायका हसल्या. मीही हसले, पण मी ते मनात धरलं. आणि तूच धरायला लावलंस, बाप्पा! दर संक्रांतीला तेच, दर नागपंचमीला तेच. तुझ्या भगवंतरावांनी खामगावला कापसाची अडत घेतली आणि तुम्ही गाव सोडलंत, तेव्हा मोटारीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पुन्हा तेच. मग मी पोरीला तुझ्या घरच्या जिभेनं वाढवलं. शालिग्रामला कढी आंबटच लागते, भगवंतरावांना तिखट सोसत नाही, तुला मसुरात कोथिंबीर आवडत नाही. माझ्या चुलीवर रोज तुझ्या घरचा स्वयंपाक. आमचे हे एकदा ताटावरून उठताना म्हणाले, ‘अवं, हे आपलं घर हाय का पुष्पाबाईचं?’ मी हसून म्हटलं, पोरीला तिकडंच नांदायचं आहे, सवय होऊ द्या.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीत तुझा हात मोडला. निरोप आला की द्वारकेला पाठव, आज ना उद्या तिचंच घर आहे, थोडी आधी आली तर काय बिघडलं. त्या वेळी घरात केवढं भांडण झालं ते तुला मी कळू दिलं नाही. आमचे हे म्हणत होते, आधी चार माणसांत सुपारी फोडू, मगच पोरगी पाठवू. आपल्याकडं सुपारी फुटल्याशिवाय सोयरीक धरत नाहीत, आणि लग्नाआधी मुलीला त्या घरी राहायला तर कुणीच पाठवत नाही. गल्लीनं तोंडात बोटं घातली. मी मात्र सगळ्यांशी भांडले. म्हटलं, मैत्रिणीत कशाची सुपारी? पुष्पाचा शब्द म्हणजे सुपारी. हे दोन दिवस जेवले नाहीत. तरी तिसऱ्या दिवशी मी पोरीला एस.टी.त बसवून दिलं. तिच्यासाठी मेहकरच्या मास्तरचं चांगलं स्थळ चालून आलं होतं, तेही परत पाठवलं. ठरलेली आहे म्हणून सांगितलं. आता लोक विचारतात, वर्षभर खामगावला राहून पोरगी परत काऊन आली? यावर मी काय सांगू ग? आता कोणतं स्थळ येणार तिला, ते तरी तूच सांग.

माघात ती परत आली तेव्हा तुझा हात बरा आहे एवढंच बोलली. वाळली होती. जेवायला बसली की भाकरीचे तुकडे नुसते हलवत राहायची. मला वाटलं पाणी मानवलं नसेल. एकेक गोष्ट सांगायला तिला महिना लागला. अकोल्याचे पाहुणे यायचे होते. तू तिला म्हणालीस, आज डोणगावचा बेत कर. तिला वाटलं, अडतीवरचे कुणी व्यापारी असतील. पहाटे उठून तिनं डाळ वाटली, मसूर चढवला, अंबाडी केली. पाहुणे बसले तशी तिनं आपल्या रिवाजानं वाढायला घेतलं, ‘घ्या, अंबूबाईची कढी.’ तू डोळे वटारलेस. अकोल्याच्या बाईंनी कढीचं कौतुक केलं तर म्हणालीस, आमच्या घरची रीतच आहे ही. आणि त्यांनी विचारलं, ही मुलगी कोणाची? तर तू म्हणालीस, ‘गावाकडची हाय. मदतीले ठेवली.’

मदतीले ठेवली! पुष्पा, तुझी वेणी घातली तिनं, तुला न्हाऊ घातलं, तुझा हात गळ्यात होता तोवर तुला घास भरवला. आणि शालिग्राम त्याच पंगतीला होता म्हणे. त्यानं मान वर केली नाही. कढीचे गोळे मात्र पुन्हा मागून घेतले.

तुला पैसेवाल्यांची मुलगी हवी होती तर इथं यायचं होतंस. माझ्या ओट्यावर बसून तोंडावर सांगायचं होतंस, कौशल्ये, माझा जीव फिरला. मी रडले असते, भांडले असते, तुला चार शिव्याही हासडल्या असत्या आणि मग तुला जेवायला वाढलं असतं. पण तू माझ्या पोरीला वर्षभर राबवून घेतलंस आणि तिच्याच हातचं वाढून दुसरी सून ठरवलीस. गीताबाईंना तू म्हणालीस म्हणे, ‘आमची कुठं सुपारी फुटली होती?’ नव्हती फुटली. खरं आहे तुझं. तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणूनच नव्हती फुटली. तू मला फसवलंस, पुष्पा. दुसरा शब्द मला सापडत नाही.

हे सगळं पोटात ठेवून मी गप्प बसलेही असते. नुसती पत्रिका आली असती तर चुलीत घातली असती आणि तुला एक ओळही लिहिली नसती. पण उकंडराव उठता उठता थांबले. खाली बघून त्यांनी तुझा निरोप सांगितला, की द्वारकेला लग्नाच्या आठ दिवस आधी धाडून द्या, नव्या सुनेले चूल म्हाईत नाही आन् शालिग्रामले दुसऱ्या हातचं गिळत नाही, तवा महिना-दोन महिने राहून तिनं नवरीले सगळं शिकवून द्यावं. मी त्यांच्यावर ओरडणार तेवढ्यात लक्षात आलं, द्वारका मधल्या दारात उभी आहे. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. उकंडराव गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘माय, त्या घरात मी कोन म्हणून होती?’ तिच्या या प्रश्नापायी मी हे पत्र लिहायला बसले. द्वारका येणार नाही. आम्ही कुणीच येणार नाही. मला तू पत्र लिहू नकोस, मी ते फोडणार नाही. पण तिला लिही. तिच्या नावानं, तुझ्या हातानं, शालिग्रामला शेजारी बसवून लिही. वर्षभर ती तुमच्याकडं कोण होती, तेवढंच लिही. मोलकरीण होती असं असेल तर तसंच लिही. पण खरं लिही, कारण तुमच्यापैकी कुणीतरी लिहील म्हणून कालपासून पोरगी पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसली आहे.

या खेपेला ‘तुझीच’ लिहवत नाही.

द्वारकेची आई,
कौशल्या