तेविसाव्या भागातली भागीरथा

अमरावती,
मंगळवार, सकाळ

प्रिय गोवर्धन,

आधी चहा घे, मग हे वाच. पत्र लांब आहे आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. घाईनं वाचलंस तर अर्धं सुटेल. इकडे सगळं ठीक आहे. मनोजनं दुकानात फुलांसाठी काचेचा मोठा फ्रिज आणलाय. शेवंती त्यात चार दिवस टिकते म्हणे. गिऱ्हाईक मात्र येतं, काचेला नाक लावतं आणि विचारतं, "बाहेरची ताजी नाही काय?" पोराचा जीव कासावीस होतो. माझे गुडघे कुरकुरतात, पण सत्तरीला आलेल्या गुडघ्यांनी गप्प बसावं असा कुठं नियम आहे?

गेल्या आठवड्यात तुझ्या हर्षाचा फोन आला. आधी पोरगी इकडचं तिकडचं बोलली, मग एकदम रडायलाच लागली. "आत्या, बाबा म्हणून राहिले का माह्यं डोकं हातचं चाललं." मी म्हटलं, "अवं, त्याचं डोकं लहानपणापासून आभाळातच आहे, आता नवीन काय झालं?" पण ती हसली नाही. मग तिनं सगळं सांगितलं. धामणगाव रेल्वेच्या कोण्या वाचकाला घराच्या माळ्यावर 'आभाळपार' कादंबरीमालेचा तेविसावा भाग सापडला, त्यानं तो तुला पाठवला. तुझ्याजवळ एकाहत्तरपैकी सत्तर भाग होते. हा एकच तुला पन्नास वर्षांत कुठं मिळाला नव्हता. तू तो एका बैठकीत वाचलास, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलास, आणि मग त्या कादंबऱ्यांची तू केलेली सूची, आपली 'सोबती', उघडलीस. त्यात तेविसाव्या भागाच्या तुझ्या नऊ नोंदी. पुस्तकात त्यातली एकही नाही. भागीरथा नाही, गुजरी नावाचा ग्रह नाही, दोन तोंडांची माणसं नाहीत. तेव्हापासून तू जेवत नाहीस. 'सोबती'ची तिसरी आवृत्ती काढणाऱ्या त्या शिवमला तू फोन करून सांगितलंस की छपाई थांबवा, माझं नाव काढा, या माणसाच्या कोणत्याच नोंदीवर भरवसा ठेवू नका. येत्या शुक्रवारी डॉक्टरकडं जायचं ठरवलंस. आणि हर्षाला कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद दिसला. तुझ्या अक्षरात, ओळीनं, घरातल्यांची नावं. 'हर्षा, मुलगी.'

ते ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ दोऱ्यात एक फूल ओवता येईना.

तुझ्या मनात बाबा आहेत, मला माहीत आहे. शेवटच्या वर्षांत ते तुला काकांच्या नावानं हाक मारायचे आणि विकून टाकलेल्या मळ्यात पाणी द्यायला निघायचे. ते तूच सगळ्यांत जास्त पाहिलंस. तेव्हा भीती वाटणारच. पण मी तुला सांगते, तुझं तसं झालेलं नाही. कशावरून सांगते, ते लिहायलाच बसले आहे. जरा दमानं येऊ दे मला.

'सोबती'बद्दल मी तुला कधी तोंडावर चांगलं बोलले नाही. आपल्याकडं माणसाचं कौतुक तो गेल्यावर करतात. पण किती जिवानं केलंस रे ते! लोक कादंबरी वाचतात आणि विसरतात. तू टपालात सॉर्टर. तुला एकही माणूस, एकही ग्रह पत्त्याविना पडलेला सहन होत नसे. कोण कोणाचा मामा, कोणतं यान कोणत्या भागात फुटलं, कप्तान वज्रधराच्या डाव्या गालावरचा व्रण तेराव्या भागात उजव्या गालावर कसा गेला, सगळं अ-आ-इ-ई प्रमाणं लावून ठेवलंस. घरात पंचांग असतं ना, न पाहता कोणी पाऊल टाकत नाही, तशी ही पुस्तकं वाचणाऱ्यांना तुझी सोबती. लेखकसाहेब स्वतः एकेक भाग महिन्याभरात उरकायचे. कोणाला मारलं, कोणाचं लग्न लावलं, त्यांनाच आठवेना. सोळाव्या भागात मेलेला वैद्य एकतिसाव्यात बसून चहा पितो, हे तूच त्यांना कळवलंस. मग त्यांनी तुझी हाताने लिहिलेली सोबती मागवून घेतली आणि पुढचे भाग ती मांडीवर ठेवून लिहिले. अख्ख्या अकोल्यात तू पेढे वाटलेस. एका सॉर्टरला याहून मोठं काय मिळणार?

आता मागं जाऊ. तू अकरा वर्षांचा, मी सतराची. अंजनगावच्या आपल्या मळ्यात वांग्यांवर पावडर मारताना वारा फिरला आणि सगळी तुझ्या डोळ्यांत गेली. बैलगाडी, मग एसटी, मग अमरावतीचा दवाखाना. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, अठरा दिवस. माय-बाबांची वांगी तोडणीला आली होती, म्हणून तुझ्याजवळ मी राहिले. तिसऱ्या दिवशी काका आले ते बसस्टँडवरच्या स्टॉलवरून कोरा करकरीत तेविसावा भाग घेऊन. बावीस भाग तू स्वतः वाचलेले. तू पुस्तक चाचपलंस, नाकाला लावलंस, आणि माझ्याकडं तोंड करून म्हणालास, "ताई, वाच नं. आता लगेच वाच."

मी वाचलं. रोज दुपारी, डॉक्टर येऊन गेल्यावर. तुला आठवतं ना, बाजूच्या खाटेवर पातूरचे उत्तमराव होते, मोतीबिंदूचे? ते आधी म्हणायचे, "पोरी, हे आभाळातलं काय वाचून राहिली, देवाचं वाच काही." आणि दोन दिवसांनी तेच विचारू लागले, "मंग त्या भटारणीचं काय झालं वं?" चातक यानातलं इंधन संपलं. शास्त्रज्ञ डोकं धरून बसले, कप्तान नकाशे पाहत बसला. तेव्हा यानावर स्वयंपाक करणारी भटारीण भागीरथा पदर खोचून उठली, गवाराच्या वाळवलेल्या शेंगांची पाटी डोक्यावर घेतली आणि गुजरी ग्रहावर उतरली. तिथल्या माणसांना दोन तोंडं. एक भाव सांगायला, दुसरं तो कमी करायला. भागीरथेनं त्यांच्या दोन्ही तोंडांना असं भांडायला लावलं की शेवटी त्यांनी टाकीभर इंधन देऊन हात जोडले. सगळा वॉर्ड हसला होता. पट्ट्या बांधलेली बारा माणसं, खाटेवर बसून हसणारी. तूही पोट धरून हसलास आणि लगेच "डोळे दुखते वं, हसवू नको" म्हणालास.

गोवर्धना, आपल्या मळ्याशेजारची, भाजीची पाटी घेऊन बसणारी भागीरथा तुला आठवते का? तीच. अंजनगावच्या गुजरीत, भाजीबाजारात, तिच्याशी घासाघीस करून कोणी जिंकलं नाही. मी तिला उचलली आणि आभाळात नेऊन ठेवली.

कळलं ना? त्या पुस्तकात भागीरथा कधीच नव्हती. ती मी घातली. ग्रह मी घातला, दोन तोंडं मी घातली, नऊच्या नऊ नोंदी माझ्या. तू जे ऐकलंस ते तू अक्षर न् अक्षर बरोबर लक्षात ठेवलंस. पंधरा वर्षांनी वहीत उतरवताना शेंगा गवाराच्या होत्या हेसुद्धा चुकला नाहीस. चूक ऐकणाऱ्याची नाही, सांगणारीची आहे.

आता म्हणशील, पुस्तक हातात होतं, मग घातलं काहून? सांगते. त्या आधी बकरीचं ऐक. तुझी पट्टी निघायचा दिवस जवळ आला तसा माझा जीव वर-खाली. तू पुस्तक मागणार, पहिलं पान उघडणार, आणि माझं पितळ उघडं पडणार. घरी आल्यावर बाजाराच्या दिवशी मी पहाटेच त्या पुस्तकाची पानं सुटी केली आणि त्यांत मळ्यातल्या शेवंतीचे पुडे बांधून विकले. तुला म्हटलं, बकरीनं खाल्लं. तू त्या बिचारीशी महिनाभर बोलला नाहीस. "ताई, तिले काहून बांधलं नाई तू?" म्हणून माझ्यावरही चिडलास. आणि पुढं छापलेल्या सोबतीत तळटीप टाकलीस: 'हा भाग बकरीने खाल्ल्यामुळे येथील नोंदी स्मरणावर आधारित आहेत.' ती टीप वाचून लोक हसतात म्हणे. मला कधी हसू आलं नाही. मुक्या जनावरावर आळ घेतला मी, आणि तो छापून आला.

तेव्हाच सांगायचं होतं. पण तुझं वेड वाढत गेलं आणि मला वाटलं, एवढ्या मोठ्या पोथीत नऊ ओळी कोण पाहतो? पाहिल्या लेखकसाहेबांनी. त्यांनी सोबती मांडीवर घेतली आणि अठ्ठावन्नाव्या भागात भागीरथा पुन्हा आणली. 'गुजरीच्या बाजारात आपल्याला तारणारी भागीरथाबाई' असं कप्तानाच्या तोंडी घातलं. स्वतःच लिहिलेलं विसरलो असं त्यांना वाटलं असणार. म्हणून तर तुला आज चक्कर येतेय ना, की तेविसाव्यात ती नाही, तर अठ्ठावन्नाव्यात कुठून आली? ती तुझ्यातून आली. लेखकानं तुझ्यावर विश्वास ठेवला, तू माझ्यावर ठेवलास, आणि मी त्या वॉर्डात मनानंच सगळं रचून मोकळी झाले. पुण्याच्या एका प्राध्यापकानं तिच्यावर लेख लिहिला, तू मला फोनवर वाचून दाखवलास, 'लेखकाने येथे व्यापारी संस्कृतीवर मार्मिक भाष्य केले आहे.' मी तिकडं तोंडात पदर कोंबून बसले होते. हसत होते की रडत होते, माझं मलाच सांगता येणार नाही.

आता मूळ गोष्ट. 

मला वाचता येत नव्हतं, गोवर्धन. दुसरीत होते तेव्हा मायनं शाळेतून काढलं, पाळण्यात तू होतास, तुला सांभाळायला कोणी नव्हतं. (यात तुझा दोष नाही, उगाच ते डोक्यात घेऊ नको.) तू शाळेत जायला लागलास, भराभर वाचायला लागलास, आणि तुला वाटलं ताई मोठी आहे म्हणजे तिला येतच असणार. मी ते तसंच वाटू दिलं. तू पट्टी बांधून 'वाच' म्हणालास तेव्हा 'येत नाही' हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. खोली डोळ्यांच्या पेशंटांची, मला पाहणारं कोण? फक्त सिस्टरच्या ध्यानात आलं. ती एकदा जवळून जाताना हळूच म्हणाली, "बाई, तासभर झाला, पान तरी उलटा."

मग लग्न झालं, अमरावतीला आले. तू नोकरीला लागल्यावर हाताने लिहिलेल्या पहिल्या सोबतीची माझ्यासाठी म्हणून एक प्रत काढून आणलीस. ती मी फुलांच्या दुकानातल्या गादीखाली ठेवायची. तू इतकी वर्षं त्याच गोष्टी सांगून सांगून सगळी नावं मला पाठ होती. गिऱ्हाईक नसलं की वही काढायची आणि एकेक नाव ओळखायचं. अ म्हणजे अग्निवलय असणार, कारण तू तोच ग्रह आधी सांगायचास. क म्हणजे कप्तान. च म्हणजे चातक. कोणी मास्तर नाही, पाटी नाही. तुझ्या वळणदार अक्षरांवर बोट ठेवत ठेवत दीड वर्षात मी भ पर्यंत आले. आणि जन्मात पहिल्यांदा जी नोंद मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचली, ती ही होती: 'भागीरथा. चातक यानावरील भटारीण. धाडसी व हजरजबाबी. भाग २३. आधार: ताईने वाचून दाखवले.'

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं होतं.

पुढं हळूहळू सगळे भाग वाचले, वर्तमानपत्र वाचू लागले, मनोजचा अभ्यास घेतला. पण लिहिणं कधी जमवलं नाही. राखीच्या पाकिटातल्या त्या चिठ्ठ्या आधी शेजारच्या पार्बताबाईची मुलगी लिहायची, मग मनोज, आणि तू मला म्हणायचास, "ताई, तुह्यं अक्षर दरवर्षी बदलते." फोन करून दोन मिनिटांत सांगता आलं असतं हे. पण तू फोनवरचं मानणार नाहीस. म्हणशील, भाऊ खचला म्हणून ताई त्याची समजूत घालून राहिली. तुला कागद लागतो. म्हणून चार दिवस पाठकोऱ्या पानांवर गिरवून हा लिहिला. तुला लिहिलेलं हे माझ्या हातचं पहिलं पत्र. भागीरथा ठेवायची की काढायची, ते तू आणि शिवम ठरवा, पण छपाई थांबवू नका, आणि कपाटातला तो कागद आजच काढ. डॉक्टरकडं जायचं असेल तर खुशाल जा, साखर तपासून ये. तुला माझा राग येईल. येऊ दे. मी खोटं बोलले, पुस्तक फाडलं, त्रेपन्न वर्षं गप्प बसले. घे एकेक आठवून आणि भांड माझ्याशी, रविवारी मी तुझ्याकडंच येते आहे. फक्त भांडताना एवढं ध्यानात घे रे: ज्याचं डोकं हातचं चाललंय त्याला त्रेपन्न वर्षांपूर्वीचा राग इतका नेमका धरता येत नाही.

तुझीच,
मनकर्णाताई